मॅडमना अमेरिकेत शाळा मिळाली, सरांनी तिथे काय करायचं?

२०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात दीड महिन्याच्या आत अमेरिकेतून तीन बातम्या आल्या. नव्या एच-१बी (नोकरीच्या व्हिसाच्या) अर्जांवर एक लाख डॉलरचा बोजा, त्यांच्याबरोबर एच-४ व्हिसावर जाणाऱ्या जोडीदारांच्या कामाबद्दल सुप्रीम कोर्टाचा निर्णय आणि वर्क परमिटला आपोआप मिळणारी मुदतवाढ बंद. फॅमिली ग्रुपवर पोचेपर्यंत तिन्हींची खिचडी झाली आणि निष्कर्ष निघाला, 'आता तिकडे नवरा-बायकोपैकी एकानं घरीच बसायचं.'

हे खरं नाही. पण अगदी खोटंही नाही. आणि हा प्रश्न आयटीवाल्यांपुरता नाही. गणित, विज्ञान आणि विशेष मुलांचं शिक्षण या विषयांसाठी अमेरिकेतले अनेक शालेय जिल्हे बाहेरच्या देशांतून शिक्षक नेतात, विद्यापीठं प्राध्यापक नेतात. त्यांच्याबरोबर जाणारा जोडीदार बहुधा इथे चांगली नोकरी सोडून निघालेला असतो. म्हणून समजा, सोलापूरच्या एका गणिताच्या मॅडमना टेक्सासमधल्या शाळेची ऑफर आली आहे आणि सर इथे अकाउंट्समध्ये आहेत. सरांना तिथे काम करता येईल का?

राहणं वेगळं, कमावणं वेगळं

पुण्यात फ्लॅट लिव्ह अँड लायसन्सवर घेतला की करारनामा एकाच्या नावावर होतो आणि कुटुंबीय म्हणून दुसरा तिथे राहतो. राहायला कुणी हरकत घेत नाही. पण त्याच फ्लॅटमध्ये शिकवणीचा क्लास काढायचा म्हटलं की सोसायटीची वेगळी परवानगी लागते. आणि करार संपला की दोघांनाही सामान बांधावं लागतं.

डिपेंडंट व्हिसा असाच आहे. डिपेंडंट म्हणजे मुख्य व्हिसाधारकाच्या आधारावर आलेला नवरा, बायको किंवा २१ वर्षांखालचं अविवाहित मूल. त्याला राहता येतं, शिकता येतं. काम करायला मात्र वेगळी परवानगी लागते, तिला ईएडी म्हणतात. एटीएम कार्डाएवढं प्लास्टिकचं कार्ड, त्यावर फोटो, मुदत आणि एक सांकेतिक क्रमांक. कुणाला ते मागता येतं आणि कुणाला नाही, हे सरांच्या डिग्रीवर ठरत नाही. मॅडमच्या व्हिसाचं अक्षर कोणतं, यावर ठरतं.

जे की एच?

शिकवायला जाणाऱ्यांसाठी मुख्य दरवाजे दोन. जे-१ हा देवाणघेवाणीचा व्हिसा: या, काही वर्षं शिकवा, परत जा. शाळेतल्या शिक्षकासाठी तो तीन वर्षांचा आणि वाढवून जास्तीत जास्त पाच वर्षांचा. निदान दोन वर्षांचा शिकवण्याचा अनुभव लागतो. एच-१बी हा सरळ नोकरीचा व्हिसा, साधारण सहा वर्षांपर्यंत, आणि त्यातून ग्रीन कार्डाची वाट निघू शकते. जे-१ चे डिपेंडंट जे-२, एच-१बीचे एच-४.

कुणालाही वाटेल की नोकरीच्या व्हिसावर जोडीदाराला काम लवकर मिळत असेल. होतं नेमकं उलटं. जे-२ ला पोचल्यापासून ईएडी मागता येतो. एच-४ ला बहुतेक वेळा वर्षानुवर्षं थांबावं लागतं.

जे-२: अर्ज सोपा, पण नाकारला कुठे जातो?

सर अमेरिकेत पोचल्यावरच अर्ज करता येतो, भारतातून नाही. आधी मॅडमच्या प्रायोजक संस्थेनं, म्हणजे जे-१ कार्यक्रम चालवणाऱ्या संस्थेनं, त्या आल्याची नोंद सरकारी प्रणालीत चालू करायची. मग सरांनी आय-७६५ हा फॉर्म भरायचा, वर्गवारीच्या रकान्यात सी-५. कागदी अर्जाची फी ५२० डॉलर. सोबत दोघांचे डीएस-२०१९ म्हणजे प्रायोजकानं दिलेलं पात्रतेचं प्रमाणपत्र, दोघांचे आय-९४ म्हणजे प्रवेशाची नोंद, पासपोर्टच्या प्रती, विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र आणि दोन बाय दोन इंचांचे दोन फोटो. लग्नपत्रिका आणि हॉलमधले फोटो पुरेसे नाहीत. कागद फक्त मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर आणि त्याखाली भाषांतरकाराचं सहीनिशी प्रमाणन लागतं.

अर्ज परत येतो तो बहुधा क्षुल्लक कारणानं. फॉर्मची जुनी आवृत्ती भरली, सही राहिली किंवा पैसे चुकीच्या पद्धतीनं भरले. २०२५ च्या २८ ऑक्टोबरनंतर कागदी अर्जासोबत चेक चालत नाही. कार्डानं किंवा अमेरिकी बँक खात्यातून थेट वळते करून पैसे द्यावे लागतात, आणि त्याचा वेगळा छोटा फॉर्म जोडावा लागतो. मित्रानं दोन वर्षांपूर्वी चेक जोडला होता, हा सल्ला आता कामाचा नाही.

खरी मेख पत्रात आहे. जे-२ च्या कमाईवर जे-१ चं पोट चालता कामा नये, असा नियम आहे. म्हणून अर्जासोबत सरांनी एक पत्र द्यायचं: आमचा घरखर्च मॅडमच्या पगारात भागतो, माझी कमाई इतर गोष्टींसाठी आहे. हे नुसतं म्हणून भागत नाही, आकडे मांडावेत. समजा मॅडमच्या हातात महिन्याला ३,६०० डॉलर येतात. घरभाडं १,५००, किराणा ६००, गाडी आणि तिचा विमा ६५०, आरोग्य विमा ३००, फोन-वीज १५०. बेरीज ३,२००, शिल्लक ४००. आता सरांच्या पत्रात लिहायचं की माझ्या पगारातून प्रवास, संग्रहालयं, मुलांचे छंदवर्ग, इंग्रजीचा कोर्स असा खर्च होईल.

'घर चालवायला एक पगार पुरत नाही म्हणून परवानगी द्या' असं कळवळून लिहिलेलं पत्र आपल्याकडच्या साहेबाला पाझर फोडेल. तिथे ते अर्ज नाकारण्याचं आयतं कारण होतं.

कार्ड हातात यायला काही महिने जातात. जादा पैसे भरून लवकर निकाल घेण्याची सोय या वर्गवारीला नाही. अर्जाची पोच म्हणजे परवानगी नव्हे. कार्ड येईपर्यंत एक दिवसही काम करायचं नाही. आलं की मात्र कुठलंही काम चालतं: अकाउंट्स, दुकान, स्वतःचा व्यवसाय, अर्धवेळ किंवा पूर्णवेळ. जे-२ वरची मुलंही ईएडी मागू शकतात, एच-४ वरची नाहीत.

एच-४: किल्ली शाळेच्या हातात

एच-४ वरच्या जोडीदाराला कामाची परवानगी देणारा नियम २६ मे २०१५ पासून लागू आहे. पण तो सगळ्यांना नाही. दोनपैकी एक अट पूर्ण व्हावी लागते. एक, मॅडमच्या ग्रीन कार्डासाठी मालकानं भरलेला आय-१४० अर्ज मंजूर झालेला असावा. दोन, ग्रीन कार्डाची प्रक्रिया लांबल्यामुळे त्यांचा एच-१बी सहा वर्षांपलीकडे वाढवून मिळालेला असावा. दोन्ही अटींचं मूळ एकच: शाळेनं ग्रीन कार्डाची प्रक्रिया सुरू केलेली हवी.

ती सुरू होते पर्म नावाच्या टप्प्यानं. शाळेनं जाहिराती द्यायच्या, या कामासाठी पात्र अमेरिकी उमेदवार मिळाला नाही हे दाखवायचं, मग श्रम खात्याकडे अर्ज. एकूण वर्षाहून जास्त काळ जातो. त्यानंतर आय-१४०. म्हणजे शाळेनं पहिल्या दिवशी सुरुवात केली तरी सरांचं कार्ड दीड-दोन वर्षांपलीकडे. आणि पहिल्या दिवशी सुरुवात करणारी शाळा विरळा. 'दोन वर्षं काम बघू, मग ठरवू' हाच रिवाज. पर्मचा खर्च शाळेनंच करायचा असतो, तो शिक्षकाकडून वसूल करणं नियमबाह्य आहे. ज्या एजंटनं मॅडमना 'पर्मचे पैसे तुम्ही भरा, मी करून देतो' असं सांगितलं, तो एजंट टाळावा.

विद्यापीठात वर्गात शिकवणाऱ्यांना इथे एक सवलत आहे. निवडीच्या वेळी दिलेली जाहिरातच पर्मसाठी चालते, मात्र निवड झाल्यापासून १८ महिन्यांच्या आत अर्ज जायला हवा. ही मुदत चुकली की जाहिरातीपासून पुन्हा श्रीगणेशा. प्राध्यापकांच्या जोडीदारांचं काम इथेच अडतं, कारण पहिल्या वर्षी हा विषय काढायचा संकोच वाटतो आणि दुसऱ्या वर्षी उशीर झालेला असतो.

आय-१४० मंजूर झाला की भारतीयांच्या बाबतीत एक विचित्र गोष्ट घडते. प्रत्यक्ष ग्रीन कार्ड यायला कित्येक वर्षं लागतात, कारण कुठल्याही एका देशाच्या वाट्याला साधारण सात टक्केच येतात. पण सरांच्या ईएडीला रांग संपण्याची गरज नसते, रांगेत पक्का नंबर लागला की पुरे. मंजुरीनंतर १८० दिवस उलटून गेले असतील तर मालकानं पुढे अर्ज मागे घेतला तरी बहुधा तो नंबर जात नाही.

अर्ज तोच, आय-७६५, वर्गवारी सी-२६. इथे खर्चाचं पत्र लागत नाही. सरांच्या कमाईवर घर चाललं तरी कायद्याला हरकत नाही.

'पण कोर्टानं एच-४ चं काम बंद केलं ना?'

उलट झालं. सेव्ह जॉब्स यूएसए या संघटनेनं २०१५ मध्येच या नियमाला आव्हान दिलं होतं. वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयानं २ ऑगस्ट २०२४ ला नियम कायम ठेवला आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला सुप्रीम कोर्टानं त्याविरुद्धचं अपील ऐकायलाच नकार दिला. नियम जागेवर आहे. मात्र हा संसदेनं केलेला कायदा नाही, खात्यानं केलेला नियम आहे, आणि खात्याला तो रीतसर प्रक्रिया करून बदलता येतो. घराचं कर्ज काढताना एवढं लक्षात असू द्यावं.

खरा फटका बसला तो ३० ऑक्टोबर २०२५ च्या नियमानं. पूर्वी एच-४ वाल्यानं मुदत संपण्याआधी नूतनीकरणाचा अर्ज टाकला की जुन्या कार्डावर ५४० दिवसांपर्यंत काम चालू ठेवता येत असे, अर्थात त्याचा एच-४ दर्जा तेवढा काळ चालू असेल तर. त्या तारखेपासून पुढच्या अर्जांना ही मुभा नाही. कार्ड मध्यरात्री संपलं आणि नवं आलं नाही, तर सकाळी कामावर जायचं नाही. जे-२ ला ही मुभा आधीही नव्हती. अर्ज मुदतीच्या १८० दिवस आधीपासून टाकता येतो. तो १८० व्या दिवशीच टाका.

एक लाख डॉलरची बातमी वेगळी. तो बोजा अमेरिकेबाहेर असलेल्या व्यक्तीसाठी मालकानं केलेल्या नव्या एच-१बी अर्जावर आहे आणि शिक्षकांना त्यातून सरसकट सूट नाही. सरकारी शाळेच्या अंदाजपत्रकात ही रक्कम बसणं अवघड, त्यामुळे भारतातून थेट निघणाऱ्या शिक्षकासमोर जे-१ चाच कागद येण्याची शक्यता जास्त. सर अमेरिकेत एच-४ वर असतील आणि तिथेच राहून दर्जा बदलून स्वतःचा एच-१बी घेणार असतील, तर ही रक्कम लागत नाही. विद्यापीठात नोकरी मिळाली तर लॉटरीचीही, म्हणजे मर्यादित एच-१बी जागांसाठीच्या सोडतीचीही, गरज नाही.

मुदतीचा सापळा पासपोर्टात

समजा, मॅडमचा एच-१बी ३१ जुलै २०२८ पर्यंत मंजूर आहे. सरांचा पासपोर्ट मात्र १२ नोव्हेंबर २०२६ ला संपतो. विमानतळावरचा अधिकारी सरांच्या आय-९४ वर २०२८ ऐवजी १२ नोव्हेंबर २०२६ टाकू शकतो. कुणी बघत नाही, कारण व्हिसाच्या शिक्क्यावर पुढची तारीख दिसत असते. पण अमेरिकेत किती दिवस राहता येतं हे शिक्का ठरवत नाही, आय-९४ ठरवतं, आणि एच-४ चा ईएडीही त्याच तारखेला संपतो. त्यानंतर राहणं बेकायदा आणि काम तर त्याहून.

आय-९४ ऑनलाइन दिसतं. उतरल्यावर दोन दिवसांत दोघांचंही उघडून तारीख वाचायची. पासपोर्ट दीड-दोन वर्षांत संपणार असेल तर तो सोलापूरहून निघण्याआधीच नवा करावा.

'घरबसल्या पुण्याच्या कंपनीचं काम केलं तर कुणाला कळतंय?'

सर्वात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि उत्तर कुणालाच आवडत नाही. पगार पुण्यातल्या बँकेत रुपयांत जमा होतो, म्हणून ते भारतातलं काम ठरत नाही. माणूस बसून काम करतो कुठे, हे पाहिलं जातं. काही वकील याला धूसर भाग म्हणतात, पण स्वतःच्या अशिलाला 'कार्डाशिवाय करा' असं लिहून देणारा वकील सापडणं कठीण. करखातंही तसंच बघतं: अमेरिकेत बसून केलेल्या कामाचं उत्पन्न अमेरिकेतलं. म्हणजे विवरणपत्रात दाखवलं तर स्वतःच पुरावा दिला आणि लपवलं तर दुसरा गुन्हा. पुढे व्हिसा बदलताना किंवा ग्रीन कार्डाच्या वेळी मागच्या सगळ्या नोकऱ्यांची यादी मागतात, तेव्हा हे वर येतं.

पुण्यातल्या घराचं भाडं, एफडीचं व्याज, म्युच्युअल फंड हे काम नाही. ते खुशाल घ्यावं, कर मात्र अमेरिकेतही दाखवावा. दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी, डबे, शेजारच्या मुलांना पैसे घेऊन गणित शिकवणं, घरात पाळणाघर हे सगळं काम. रोख घेतलं, पेढे म्हणून घेतलं, तरी कामच. महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळेत रविवारी विनामोबदला शिकवायला हरकत नाही, कारण ते मुळातच स्वयंसेवकांचं काम आहे. पण ज्या कामाला एरवी पगार देऊन माणूस ठेवतात, ते 'अनुभवासाठी फुकट' करणं स्वयंसेवा ठरत नाही. मंडळानं वर्षाअखेरीस 'मानधन' म्हणून पाकीट पुढे केलं तर नम्रपणे परत करावं.

कार्ड नसलेला काळ वाया जातो असं नाही. एच-४ आणि जे-२ दोघांनाही पूर्णवेळ शिकता येतं. इथल्या बी.कॉम.चं मूल्यांकन करून घेणं, तिथल्या हिशेबनिसाच्या परीक्षेचे पेपर देणं, यात एक-दीड वर्ष सहज जातं.

पहिला पगार आणि त्यातली कपात

ईएडीच्या अर्जातच सोशल सिक्युरिटी क्रमांकही मागता येतो, तो रकाना रिकामा सोडू नये. जे-१ वरच्या मॅडमच्या पगारातून साधारणपणे पहिली दोन कॅलेंडर वर्षं सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर (निवृत्तिवेतन आणि म्हातारपणीचा आरोग्य विमा यांसाठीची कपात) कापलं जात नाही. ऑगस्टात पोचल्या तरी ते अख्खं वर्ष मोजलं जातं. जे-२ वरच्या सरांना ही सूट नाही. पहिल्या पगारापासून ७.६५ टक्के कापले जातात. हे पैसे पीएफसारखे परत आणता येत नाहीत, कारण भारत आणि अमेरिका यांच्यात सामाजिक सुरक्षेचा करार झालेला नाही.

जे-२ च्या आरोग्य विम्यालाही किमान मर्यादा आहेत. दर आजारपणाला एक लाख डॉलरचं संरक्षण, वजावट, म्हणजे आधी स्वतःच्या खिशातून भरायची रक्कम, ५०० डॉलरपेक्षा जास्त नको. स्वस्तातला ट्रॅव्हल इन्शुरन्स घेऊन हे भागत नाही, आणि जाणूनबुजून विमा न ठेवल्यास मॅडमचा कार्यक्रमच रद्द होऊ शकतो.

'जे-१ घेतला तर दोन वर्षं परत यावंच लागतं ना?'

अर्धंच खरं. काही जे-१ धारकांवर दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट असते आणि ती जे-२ वरही पडते. मायदेशाला कोणत्या कौशल्यांची गरज आहे हे देशवार सांगणारी एक यादी त्यासाठी असते. भारताचं नाव त्या यादीतून ९ डिसेंबर २०२४ पासून वगळलं आहे, त्यामुळे बहुतेक भारतीयांना त्या कारणानं ही अट लागत नाही. भारत किंवा अमेरिका यांपैकी कुठल्याही सरकारच्या पैशानं खास शिष्यवृत्तीवर गेलेल्यांना लागू शकते. पण शिक्षक म्हणून पुन्हा जे-१ वर जायचं तर कार्यक्रम संपल्यावर दोन वर्षं अमेरिकेबाहेर काढावी लागतात. या दोन वेगळ्या अटी आहेत आणि त्यांची गल्लत रोज होते.

दुसरा देश असेल तर

ब्रिटनमध्ये स्किल्ड वर्कर व्हिसावरच्या शिक्षकाच्या जोडीदाराला वेगळं कार्ड लागत नाही. व्यावसायिक खेळाडू किंवा प्रशिक्षक सोडून जवळपास कुठलंही काम चालतं. केअर वर्करना डिपेंडंट नेणं मात्र मार्च २०२४ पासून बंद झालं. खर्च मात्र जड आहे, आरोग्य अधिभारच प्रौढ माणसामागे वर्षाला १,०३५ पौंड. कॅनडानं २१ जानेवारी २०२५ पासून जोडीदाराच्या खुल्या वर्क परमिटचा परीघ लहान केला. शाळेचे शिक्षक आणि प्राध्यापक अजून त्यात आहेत, पण अर्ज करताना शिक्षकाच्या स्वतःच्या परमिटची निदान १६ महिने मुदत शिल्लक हवी. जपानमध्ये डिपेंडंटला परवानगी काढून आठवड्याला २८ तास. दुबईच्या शाळांत जाणाऱ्यांचा जोडीदार कुटुंब व्हिसावर राहूनही काम करू शकतो. परमिट त्याला नोकरी देणारी कंपनी काढते.

ऑफरवर सही करण्याआधी

मॅडमनी शाळेच्या एचआरला ईमेलवर चार गोष्टी विचाराव्यात, फोनवर नाही. व्हिसा जे-१ आहे की एच-१बी? जे-१ असेल तर सरांचा डीएस-२०१९ सोबतच निघेल का? एच-१बी असेल तर ग्रीन कार्डाची प्रक्रिया शाळा करते का, आणि नोकरीच्या कितव्या महिन्यात? यापूर्वी किती परदेशी शिक्षकांचा आय-१४० शाळेनं मंजूर करून घेतला आहे?

शेवटच्या प्रश्नाला आकडा आला तर बरं. 'ते पुढे बघू' असं उत्तर आलं तर सरांची परवानगी नाहीच असं धरून, एका पगारात टेक्साससारख्या ठिकाणी घरभाडं, गाडी आणि विमा भागतो का, याचा हिशेब मांडावा. आणि सरांनी सोलापुरातल्या नोकरीचा राजीनामा द्यायचा की बिनपगारी रजा मागायची, ते त्या हिशेबानंतर ठरवावं.